फांदीयंत्राचा चढता आलेख

मेणाची वीट टाकीत कोंबून गाडी पळत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण डॉ. केतकी सुतार हिच्या यंत्रात मेणाची वीट टाकली की दुसऱ्या तोंडानं पाण्यासारखं पातळ इंधन बाहेर यायचं, आणि कडाक्याच्या थंडीतही ते गोठायचं नाही. त्या यंत्राला सगळे 'फांदी' म्हणायचे. हे नाव केतकीच्या धाकट्या भावानं ठेवलं होतं, आणि पुढं जे काही झालं त्याचं सगळं खापर त्या बिचाऱ्याच्याच डोक्यावर फुटलं.

करंजाच्या तेलापासून डिझेल करायला लागून तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. स्वस्त, धूर कमी, सगळं खरं. पण त्या डिझेलला एक खोड होती. त्याचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबच लांब सरळ साखळ्या. सरळ काटक्यांची मोळी कशी घट्ट बसते, तशा या साखळ्या थंडीत एकमेकींना चिकटून बसतात आणि डिझेलचं मेण होतं. आता बाभळीच्या फांद्यांची मोळी बांधून बघा. सात जन्मांत बांधली जायची नाही. तसंच इथं. साखळीला मध्येच एखादी फांदी फुटली की रेणू रचून बसत नाहीत आणि इंधन वाहतं राहतं. अणू तेच, संख्या तीच, मांडणी तेवढी बदलायची. रसायनशास्त्रात याला समघटकीकरण म्हणतात.

मोठ्या कारखान्यांना हे काम नवं नव्हतं. केतकीनं ते शिवणयंत्राएवढ्या पेटीत बसवलं, ही तिची करामत. त्यामुळं हिमालयातल्या ठाण्यांवर इंधनाची पिंपं चढवायची कटकट संपली. मेणाच्या विटा खेचरांवर लादायच्या. सांडायची भीती नाही, ठिणगीसरशी भडका उडायची भीती नाही. वर पोचल्या की लागतील तशा फांदीत टाकायच्या.

पेटीच्या पोटात एक पोलादी नळी आणि त्या नळीत पांढऱ्या गोळ्या. दिसायला खडूचे तुकडे. तळहातावर घेतल्या तरी काही होत नाही, पण त्यांच्या पृष्ठभागावर जागोजागी जबरदस्त आम्ल बसवलेलं असतं. हा झाला घन आम्लाचा उत्प्रेरक. आता या गोळ्या पहिल्या दिवसापासून कामाला लागतात असं नाही. सरळ साखळी हा भारी आळशी रेणू आहे, आपण होऊन तो कशात पडत नाही. त्यातल्या एखाद्या साखळीचे दोन हायड्रोजन निसटावे लागतात. असा अर्धवट उघडा पडलेला, चळवळ्या रेणू आम्लाच्या जागेवर बसला की तो शेजारच्याला उठवतो, शेजारचा पुढच्याला. तोवर यंत्र नुसतं ढिम्म बसून असतं. नवख्या माणसाला वाटतं, बिघडलंय.

आणि हेच चळवळे रेणू पुढं एकमेकांत गुंततात, त्यांची काजळी धरते, ती काजळी आम्लाच्या जागा एकेक करून बुजवून टाकते. ज्यानं जागं केलं तोच शेवटी गळा धरतो. म्हणून सगळी कला आहे ती वेग आवरण्यात. सावकाश जागी झालेली गोळी अख्खा हिवाळा काढते, आणि घाईनं जागी झालेली मध्येच मान टाकते.

घाई करायला लावणारी चीज म्हणजे पाणी. भरपूर पाणी लागलं तर गोळी लगेच मरते, ते लपत नाही. पण दोन-चार थेंबच लागले तर गोळीवरच्या निजलेल्या जागाही आम्ल होऊन उठतात, आणि यंत्र पहिल्याच दिवशी उधळल्यासारखं पळतं. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय यंत्र आहे. काजळीचंही काम मग त्याच वेगानं चालू होतं, ते मात्र दिसत नाही. केतकीनं प्रयोगशाळेत हे कितीदा तरी पाहिलं होतं. म्हणून गोळ्या पुण्यात भट्टीत भाजून, कोरड्याठाक करून, सीलबंद डब्यात वर जायच्या. ठाण्यांवर तशी भट्टी नव्हती, आणि बुजलेल्या गोळ्यांवरची काजळी जाळून टाकायची सोयही नव्हती. गोळ्या मेल्या की नवा डबा उघडायचा, हा एकच इलाज, आणि एका ठाण्याला हिवाळाभरासाठी एकच डबा मिळायचा.

केतकीचा भाऊ विश्वजित, घरचा विशू, तिच्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, दिवसभर लोखंडाच्या किसात. त्यामुळं विशूला न्हाऊमाखू घालण्यापासून गणितं शिकवण्यापर्यंत सगळं केतकीनंच केलं. पुढं ती पुण्याच्या संशोधन संस्थेत लागली, तशी त्यालाही मागोमाग घेऊन आली. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला, बर्फ मोजणाऱ्या विभागात लागला, रेवतीशी त्याचं लग्न झालं. रेवती शाळेत गणित शिकवायची. धायरीच्या त्यांच्या दोन खोल्यांत केतकीचा रविवार ठरलेला असायचा.

लडाखमधल्या झांस्करच्या वरच्या अंगाला शुनलुंग नावाचं ठाणं होतं. हिवाळाभर तिथं बर्फ मोजायचं, आणि त्यावरून खालच्या गावांना उन्हाळ्यात पाणी किती, पूर येणार की काय, ते सांगायचं. दोन माणसं असायची. एकजण स्टॅनझिन, तिथलाच. दुसरा म्हणून विशूनं आपण होऊन नाव दिलं, कारण त्या हिवाळ्यात शुनलुंग पहिल्यांदाच पूर्णपणे फांदीवर चालणार होतं.

रेवतीला ते पसंत नव्हतं. तिनं केतकीला गाठलं.

"ताई, तुम्ही एकदा नको म्हणालात तर तो नाही जायचा. माझं तो ऐकत नाही."

"अगं, यंत्र माझं आहे," केतकी म्हणाली. "त्याच्यावर माझा भरवसा नसता तर मी माझ्या भावाला पाठवलं असतं का?"

रेवतीनं मग त्याच्यासाठी मेतकूट केलं आणि डिंकाचे लाडू बांधायला घेतले.

सुतारांच्या घरी खंडेनवमी हा दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी वर्कशॉपमधली सगळी मशिनं पुसून लख्ख करायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि आंब्याच्या पानानं पाणी शिंपडायचं. ते शिंपडायचा मान धाकट्याचा. विशू चालायला लागला तेव्हापासून हे त्याचं काम. वडील गेले, वर्कशॉप विकलं, तरी तो दर खंडेनवमीला घरातल्या मिक्सरवर आणि आपल्या स्कूटरवर पाणी शिंपडायचाच. रेवती हसायची.

त्या वर्षी शुनलुंगला हिवाळ्याचा नवा डबा उघडायचा मुहूर्त विशूनं खंडेनवमीचाच धरला. गोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. स्टॅनझिनला त्यानंच बजावलं होतं, हात ओला असेल तर डब्याजवळ यायचं नाही. आणि त्याच विशूनं नळी भरली, झाकण लावायच्या आधी हळदकुंकू वाहिलं, पुण्याहून जपून नेलेली झेंडूची सुकी फुलं घातली आणि बोटांनी थोडं पाणी शिंपडलं. हसू नका. पूजेचं पाणी पाण्यात धरायचं नसतं, ही आपल्याकडची जुनीच सवय आहे. उपासाला चहा चालतोच की. मोठमोठे शिकलेले लोक असंच करतात, आणि त्यात काही चुकतंय हे त्यांच्या मनातही येत नाही.

ठाण्यावरची फांदी किती जोरात चाललीय, त्याचा आलेख उपग्रहामार्फत पुण्यात केतकीच्या पडद्यावर यायचा. नव्या गोळ्या घातल्या की रेघ आधी कितीतरी वेळ जमिनीला धरून चालते, मग हळूहळू चढते, मग हिवाळाभर सपाट राहते. केतकी जेवून परत आली तर रेघ सरळ वर गेलेली. इतकी वर ती कधी गेलीच नव्हती. तेवढ्यात विशूचा फोन आला.

"ताई, बघितलीस का तुझी फांदी? लई भारी पळालीय. भरल्या भरल्या चालू झाली बघ. स्टॅनझिन म्हणतोय, यात काहीतरी जादू हाय."

"बघत्येय रे," केतकी म्हणाली.

"खंडेनवमी पावली म्हणायची. बरं, रेवतीला सांग, लाडू संपत आलेत. मी सांगितलं तर ओरडेल."

तो हसला. तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती पडद्यापुढून हलली नाही. असा आलेख एकाच गोष्टीनं येतो, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? पाणी. आणि खंडेनवमी म्हटल्यावर पाणी कुठून आलं, हे सुताराच्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. विशू चालायला लागला तेव्हा त्याच्या हातात आंब्याचं पान देणारी तीच होती.

शुनलुंगच्या वाटेवरची खिंड अजून उघडी होती. आठवड्याच्या शेवटी शेवटचा ट्रक वर जाणार होता. एक फोन केला असता, एक डबा विमानानं लेहला पाठवला असता, तर तो त्या ट्रकमध्ये चढला असता. काम एवढंच होतं.

पण परवा दिल्लीची समिती येणार होती. मोजक्या ठाण्यांवर चाललेली फांदी सगळ्या उंच ठाण्यांवर बसवायची की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं. संस्थेचे संचालक सरनाईक सर दारातून डोकावले, पडदा बघून आतच आले.

"केतकी, हे शुनलुंगचं? आजचं? अगं, हे तर अफाट आहे. समितीला हेच दाखवू. सुरुवातीचा तो रेंगाळण्याचा काळच गेला की. काय केलंस तू?"

त्या क्षणी ती म्हणू शकली असती, सर, गोळ्यांना पाणी लागलंय, मला डबा बदलायचाय. पण मग समितीपुढं काय दाखवायचं? एका शिंतोड्यानं कोलमडणारं यंत्र? तिची कितीतरी वर्षं त्या पेटीत गेली होती. लग्न राहिलं, कोल्हापूरचं घर राहिलं. ती म्हणाली, "या खेपेच्या गोळ्या चांगल्या उतरल्यात, सर."

मनाला तिनं समजावलं की थेंबभरच असेल, उडून जाईल, निम्मा हिवाळा तरी निघेलच, आणि तोवर बघू. मनाला समजवायला काय लागतं. ते समजतंच.

समितीनं टाळ्या वाजवल्या. ट्रक वर गेला, त्यात बटाटे, औषधं आणि मेणाच्या विटा होत्या. मग खिंडीत बर्फ पडलं आणि वाट बंद झाली.

मार्गशीर्षात रेघ खाली यायला लागली. आधी हळू, मग उतारावरून दगड सुटावा तशी. फांदीतून बाहेर येणारं इंधन दाट होत गेलं, जनरेटरच्या नळ्यांत मेण धरायला लागलं. केतकीनं तापमान वाढवायला सांगितलं, विटा कमी टाकायला सांगितलं, जे जे सुचलं ते सगळं केलं. काजळीनं बुजलेली जागा अशानं मोकळी होत नाही, हे तिला ठाऊक होतं. हेलिकॉप्टरची मागणी गेली. वर वादळ होतं. ड्रोन दोनदा उडवले, दोन्ही परत फिरले. जनरेटर बंद पडला आणि बॅटरीवरचा फोन तेवढा उरला.

विशूचा आवाज तेव्हाही शांत होता. लहानपणी ताप आला की तो असाच शहाण्यासारखा बोलायचा.

"ताई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"गोळ्या भरताना मी पूजा केली होती. थोडं पाणी शिंपडलं होतं. थोडंच. त्यानं झालं का गं हे?"

आता या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं. तू शिंपडलंस, पण मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसले. केतकीच्या तोंडून निघालं ते असं:

"तुला सांगितलं होतं ना रे विशू, पाणी लावायचं नाही म्हणून?"

पलीकडं वारा घोंघावत होता.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलंच माझं. स्टॅनझिनला उगाच माझ्यापायी त्रास. बरं, आता काय करायचं ते सांग."

तिनं सांगितलं. मेण आहे, तर डब्यांत वाती लावून जाळा, पण धुराडं मोकळं ठेवा, बंद खोलीत वाती जाळणं धोक्याचं आहे. तो हो हो म्हणत राहिला. मग आवाज तुटला. ते त्यांचं शेवटचं बोलणं.

वादळानं धुराडं बर्फाखाली गेलं. स्टॅनझिन ते मोकळं करायला बाहेर पडला आणि वाऱ्यात वाट चुकला. चाचपडत दारापर्यंत पोचला तेव्हा आत वाती जळत होत्या आणि विशू भिंतीला टेकून झोपल्यासारखा बसला होता. त्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो. स्टॅनझिनच्या हातांची बोटं गेली, पण जीव वाचला.

चौकशीत स्टॅनझिननं जे पाहिलं ते सांगितलं, पूजेचंही सांगितलं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. वर्तमानपत्रांना मात्र घबाड मिळालं. 'यंत्राला तीर्थ पाजलं, जीव गमावला.' टीव्हीवर कुणी म्हणालं, अंधश्रद्धेचा बळी, तर कुणी म्हणालं, अशा माणसांना विज्ञानाच्या ठाण्यावर पाठवतातच कसे. विशूचा झेंडूची माळ घातलेल्या स्कूटरबरोबरचा एक फोटो कुणीतरी शोधून काढला आणि तो जिकडंतिकडं फिरला. लोकांनी त्यावर खूप विनोद केले.

दिवसकार्य झाल्यावर केतकी धायरीला गेली तेव्हा रेवती पेपर तपासत बसली होती. देवघराच्या कोनाड्यात देव नव्हते. तिथं खडूची खोकी ठेवलेली होती.

"माहेरी पाठवले," रेवती म्हणाली. "मला नकोत ते घरात."

केतकीनं चहा टाकला. रेवतीनं पेपरावरून मान वर न करता विचारलं, "ताई, एवढा शिकलेला माणूस. तुमच्या हाताखाली वाढलेला. असा कसा वागला हो?"

केतकीनं चहात साखर घातली.

"वर्गात मी फळ्याकडं वळले की पोरं पाण्याचे थेंब उडवतात. एकमेकांच्या अंगावर. मला ऐकू येतं ना खिदळणं. त्यांना ओरडायचं काय म्हणून?" रेवतीनं पेन खाली ठेवलं. "मला रडू येत नाही, ताई. आई म्हणते रड, मन मोकळं होईल. पण त्याची आठवण आली की आधी राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येतो मला. मूर्खासारखा गेला. मला टाकून, दोन थेंबांपायी. कुणी दुसऱ्यानं मारला असता तर मी जन्मभर रडले असते त्याच्यासाठी."

चहा उतू गेला. केतकी ओटा पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसत राहिली.

त्यानंतर केतकीला विशू आठवायचा तो फोनवरचा. चुकलंच माझं, म्हणणारा. लेकरागत वाढवलेल्या भावाला मरताना साधा एक आधाराचा शब्द द्यायचा, तर आपण त्याच्या गळ्यात आपला दगड बांधला. या विचारानं ती भरल्या ताटावरून उठायची. ती रडायचीही, पण त्या रडण्याची तिची तिलाच चीड यायची.

सरनाईक सरांनी चौकशी समितीकडं पाठवायचं निवेदन तयार केलं होतं. मानवी चुकीमुळं उत्प्रेरकास पाण्याचा संसर्ग झाला, यंत्रात दोष नाही. खाली केतकीची सही हवी होती.

"सर, त्या दिवशी आलेख चढला तेव्हाच मला कळलं होतं," केतकी म्हणाली.

"शंका आली होती, असं म्हण."

"शंका नाही. कळलं होतं. आणि ट्रक जायचा होता."

सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "केतकी, हे तू लिहून दिलंस तर काय होईल माहीत आहे? तू तर जाशीलच. फांदीचीही बदनामी होईल. यंदा बारा ठाणी तिच्यावर तगली, त्यांचं पुढं काय? आणि विशूबद्दल मला वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत," ती म्हणाली. "आणि फांदी बंद करू नका, सर. एक नियम घाला. पहिल्याच दिवशी रेघ अशी चढली, तर टाळ्या न वाजवता डबा बदलायचा. एवढं केलं असतं तर तो जिवंत असता."

सही न करताच ती उठली. स्वतःचं निवेदन तिनं घरी बसून लिहिलं. त्यात पाणी होतं, आलेख होता, समिती होती, ट्रक होता. ते तिनं चौकशी समितीला पाठवून दिलं, म्हणजे नंतर पाय मागं घ्यायला जागाच राहायला नको. आणि उद्या वर्तमानपत्रांतून कळण्याआधी आपल्याच तोंडून कळावं, म्हणून ती तशीच धायरीला गेली.

रेवती नुकती शाळेतून आली होती. तिनं नेहमीसारखं पाणी दिलं. केतकीनं पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"रेवती, मला काही सांगायचंय. मध्ये थांबवू नकोस, नाहीतर मला बोलता यायचं नाही."

तिनं सगळं सांगितलं. खंडेनवमीच्या दुपारी रेघ कशी चढली ते, विशूच्या फोननंतर पाण्याबद्दल मनात कशी तिळमात्र शंका उरली नव्हती ते, सरांना ती काय म्हणाली ते. ट्रकमध्ये डब्याला जागा होती ते. सांगताना तिनं कारणं दिली नाहीत. समिती होती एवढंच म्हणाली. रेवती ऐकत होती. तिचा चेहरा गणित सोडवणाऱ्याचा असतो तसा झाला होता, एकेक पायरी तपासत पुढं जाणारा.

"म्हणजे त्यानं पाणी शिंपडलं तरी तो वाचला असता," ती म्हणाली.

"हो."

"एका डब्यानं."

"हो."

"आणि त्याची चूक तुम्हाला त्याच दिवशी दिसली होती." रेवती थांबली. "त्याला हे माहीत होतं?"

केतकीला वाटलं होतं, एवढं सांगून भागेल. पण आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"नाही. त्यानं मला शेवटी विचारलं होतं, माझ्या पूजेमुळं झालं का म्हणून."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, तुला सांगितलं होतं ना, पाणी लावायचं नाही."

रेवती उठून खिडकीपाशी गेली. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं, रेडिओ चालू होता. तिनं पाठमोरीच विचारलं,

"तो काय म्हणाला?"

"चुकलंच माझं, म्हणाला."

रेवती वळली. ती ओरडली नाही, तिनं शिव्याशाप दिले नाहीत. दिले असते तर केतकीनं पदर पसरून घेतले असते.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही त्याला आईच्या जागी होतात. तुमचं तो खरं मानणारच."

"रेवती..."

"तुम्ही जा आता. आणि पुन्हा येऊ नका."

केतकीनं चपला घातल्या. दार तिच्यामागं बंद झालं, कडी लागली. ती जिन्याच्या दोन-चार पायऱ्या उतरली असेल, तोच आतून आवाज आला. आधी भांडं पडल्यासारखा, आणि मग रेवतीचा. ती रडत होती. विशू गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं, घसा फोडून रडत होती. त्याचं नाव घेत होती. माझं सोनं, माझं भोळं सोनं, म्हणत होती, आणि त्या रडण्यात आता रागाचा लवलेश नव्हता.

केतकी कठड्याला धरून उभी राहिली. त्या रडण्यात तिलाही सामील व्हायचं होतं. या जगात विशूसाठी असं रडणारी दोनच माणसं होती, आणि त्यांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला हवं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई आवाज ऐकून खाली आल्या, त्यांनी रेवतीचं दार ठोठावलं, मग जिन्यात उभ्या असलेल्या केतकीकडं वळून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिच्या घरच्याच ना? जा की आत, तिला सांभाळा."

"नाही," केतकी म्हणाली. "तुम्हीच जा."

आणि ती उरलेला जिना उतरायला लागली.